चिंगीची केस: सतरा दिवस, अर्धी चादर आणि पाचव्या दिवशीची आमची चूक

ही केस सविस्तर लिहून ठेवतेय, कारण हरवलेली कुत्री घरी पोचवायचं काम आम्ही काही जण बरीच वर्षं करतोय आणि तरीसुद्धा पाचव्या दिवशी आमच्या हातून अशी चूक झाली की चिंगी जवळपास कायमची गेली होती. नवीन कोणी व्हॉलंटियर आलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुत्रं शोधायचं कसं. माझं मत आता पक्कं झालंय, शोधणं त्यामानाने सोपं आहे, डोळे भरपूर असतात, फोन येतात, कुत्रं कुठेतरी दिसतंच. खरी कसोटी ते दिसल्यावर लागते. दिसलं की माणूस धावतो, आणि त्या धावणाऱ्या माणसाला थांबवणं हे आमचं मुख्य काम. कुत्रीचं नाव बदललंय, माणसांची नावं आणि जागा मुद्दाम दिलेल्या नाहीत.

चिंगी साधारण चार वर्षांची, मध्यम बांध्याची, तपकिरी, छातीवर पांढरा पट्टा, वजन सतरा किलोच्या आसपास. मुळात ती ज्यांनी आम्हाला फोन केला त्या ताईंची नाही, त्यांच्या आईची. आई वारल्या आणि चिंगी लेकीकडे आली, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. स्वभावाने भित्री, पुरुषाच्या मोठ्या आवाजाला दचकणारी, अनोळखी माणसाने हात पुढे केला की मागे मागे सरकणारी. ताईंना कामासाठी आठवडाभर बाहेरगावी जायचं होतं म्हणून घरापासून अकरा किलोमीटरवरच्या एका बोर्डिंगमध्ये, म्हणजे मालक बाहेरगावी असताना कुत्री सांभाळतात तिथे, तिला ठेवलं, आणि दुसऱ्याच संध्याकाळी फिरायला काढताना गेटजवळ जोरात हॉर्न वाजला, ही मागच्या मागे ओढली गेली आणि गळ्यातला पट्टा डोक्यावरून निसटला. नंबर लिहिलेला टॅग त्या पट्ट्यालाच होता, म्हणजे पट्ट्याबरोबर ओळखही तिथेच रस्त्यावर पडली. मागे सरकून पट्टा काढायची ही ट्रिक भित्र्या कुत्र्यांना बरोबर जमते, म्हणून अशा कुत्र्याला आम्ही नेहमी हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा, आणि गळ्यातला पट्टा दोन्ही, आणि दोन वेगळ्या दोऱ्या, असं सांगतो.

बोर्डिंगवाल्यांनी दोन पोरांना बाईकवर तिच्या मागे सोडलं. रात्री उशिरापर्यंत ते तिचा पाठलाग करत होते, नावाने ओरडत होते, आणि मालकिणीला कळवलं दुसऱ्या दिवशी दुपारी. का, तर तोपर्यंत सापडेल असं वाटलं. मला याचा आजही मनापासून राग आहे, कारण पहिले काही तास कुत्रं बहुतेक वेळा जवळपासच असतं आणि त्याला एकटं सोडलं, तिथेच खाणंपाणी ठेवलं, घरचं कोणी येऊन शांत बसलं तर ते परत फिरायची शक्यता चांगली असते. हा वेळ तिला हुसकावण्यात गेला. ताई रात्रभर प्रवास करून आल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला फोन आला.

आम्ही पहिल्यांदा काय केलं

फोनवर आम्ही आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारतो. कुठून सुटली, कशामुळे सुटली, ती घाबरून पळाली की हुंदडायला गेली, अनोळखी माणसाकडे जाते का, दुसऱ्या कुत्र्यांशी कशी वागते, आधी कधी पळालीये का. यातला कशामुळे हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फटाक्याला, ढगांच्या गडगडाटाला किंवा पाठलागाला घाबरून सुटलेलं कुत्रं आणि उघड्या गेटमधून वास घेत बाहेर पडलेलं कुत्रं या दोन पूर्ण वेगळ्या केसेस असतात. दुसऱ्या प्रकारचं कुत्रं कोणीतरी घरात घेतं, बिस्किट देतं, फोटो टाकतं. पहिल्या प्रकारचं कोणाच्या हाताला लागत नाही. चिंगी पहिल्या प्रकारातली होती, वर तो परिसर तिच्यासाठी पूर्ण अनोळखी, म्हणजे घराचा रस्ता शोधत येईल ही आशाही धरायची नव्हती.

मग चिप. ताई म्हणाल्या आईने चिप लावली होती. आता चिप म्हणजे जीपीएस असा बऱ्याच जणांचा समज असतो, तसं अजिबात नाही. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप असते, तिला बॅटरी नसते, स्कॅनर जवळ आणला की त्याच्या लहरींवर जागी होते आणि फक्त एक नंबर सांगते, हल्लीच्या चिपमध्ये पंधरा आकडी. तो नंबर कोणाचा हे रेकॉर्डमध्ये शोधावं लागतं. आम्ही ताईंना रेकॉर्ड तपासायला लावलं तर तिथे अजून आईचाच फोन नंबर, आणि तो फोन तर आई गेल्यावर बंद केलेला. म्हणजे चिंगीला कोणी उचलून डॉक्टरकडे नेली असती, स्कॅन झाली असती, तरी फोन लागला नसता. ताई फोनवर गप्पच झाल्या. मी म्हटलं, हे तुमच्या एकट्याचं नाही हो. अमेरिकेत २००९ साली एक अभ्यास छापून आला, त्यात ५३ शेल्टरमधल्या, म्हणजे बेवारस प्राणी ठेवतात त्या ठिकाणच्या, ७,७०० पेक्षा जास्त चिपवाल्या प्राण्यांची नोंद होती. भटक्या म्हणून आणलेल्या एकूण कुत्र्यांपैकी २१.९ टक्के मालकाकडे परत गेले आणि चिप असलेल्यांपैकी ५२.२ टक्के, म्हणजे चिपचा फायदा आहेच. पण चिप असूनही मालक सापडला नाही अशा केसेसमध्ये सगळ्यात मोठं कारण हेच होतं, नंबर चुकीचा नाहीतर बंद, ३५.४ टक्के. ताईंनी चौथ्या दिवशी रेकॉर्डवर स्वतःचा नंबर चढवून घेतला. कुत्रं हरवलेलं असतानाही हे करता येतं आणि लगेच करावं.

पोस्टरवर आम्ही फार लिहू देत नाही. हे काम करणाऱ्यांमध्ये अमेरिकेत पाच-पाच-पंचावन्न असा एक हिशोब सांगतात, पाच शब्द, पाच सेकंद आणि ताशी ५५ मैलांनी चाललेल्या गाडीतून वाचता आलं पाहिजे. म्हणून मोठा भडक रंगाचा कागद, वर जाड अक्षरात "कुत्री हरवली", एक मोठा फोटो, खाली "पकडू नका, हाक मारू नका, फोन करा" आणि नंबर. बक्षिसाची रक्कम टाकू नका असं आम्ही ताईंना सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. रक्कम टाकली की पोरं दोर घेऊन मागे लागतात. असे ६४ पोस्टर लावले, बोर्डिंगच्या गेटपासून सगळ्या चौकांत आणि वळणांवर, जिथे गाडी हळू होते तिथे.

फोटोत आणि वर्णनात एक खूण मुद्दाम लपवली. चिंगीच्या मागच्या डाव्या पायाला एक जादा नख आहे, ते फक्त ताईंना, मला आणि अजून एकाला माहीत. चौथ्या दिवशी एकाचा फोन आला, कुत्री माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा. म्हटलं मागच्या पायांचा फोटो पाठवा, तर फोन कट. दुसऱ्याने "तुम्हीच मालक का ते बघतो, मोबाईलवर आलेला कोड सांगा" म्हणून ओटीपी मागितला. हे प्रकार सगळीकडे चालतात आणि हवालदिल झालेला माणूस कोडही देऊन टाकतो, म्हणून पोस्टरवर आम्ही शक्यतो व्हॉलंटियरचा नंबर देतो, मालकाचा नाही.

पाचवा दिवस

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी मिळून सात फोन आले. नकाशावर खुणा केल्या तर चार खुणा एका ओढ्याच्या काठाने सरळ रेषेत बसल्या. घाबरलेली कुत्री अशीच आडोशाने जातात, ओढा, रेल्वेलाईन, कुंपणाची कड, उघड्यावर कमी आणि पहाटे-संध्याकाळी जास्त. चिंगी बोर्डिंगपासून अडीच किलोमीटरवर ओढ्याच्या एका वळणापाशी थांबली होती असं दिसत होतं. हे फार चांगलं लक्षण. कुत्रं एका जागी टिकलं की अर्धं काम झालं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिथे चालायला येणाऱ्या एका बाईंचा फोन आला, कुत्री समोर आहे, झुडपाजवळ बसलीये. आम्ही दोघी निघालो, ताई आमच्या गाडीत. वाटेत कोणीतरी आमच्याच ग्रुपवर लोकेशन टाकलं. आम्ही पोचेपर्यंत तिथे चौदा जण जमले होते, कोणाच्या हातात पट्टा, कोणाकडे चादर, एकाकडे मासे पकडायचं जाळं, आणि सगळे मनाने चांगले, सगळे मदतीलाच आलेले. त्यांना तिथून परत पाठवायला हवं होतं. मी ते केलं नाही. आता इतके जण आहेतच तर गोल करून हळूहळू जवळ जाऊ, असं मी स्वतः म्हटलं. ताईंना पुढे जाऊन हाक मारायलाही मीच सांगितलं.

ताईंनी हाक मारली. चिंगीने मान वर केली, कान ताठ झाले, सरळ त्यांच्याकडे बघितलं, दोन सेकंद, तीन सेकंद. मला वाटलं आता येणार. आणि ती वळली आणि दोन माणसांच्या मधून जी सुटली ती ओढा ओलांडून, रेल्वेलाईनवरून पलीकडे. लांबून गाडीची शिटी ऐकू येत होती. गाडी जाईपर्यंत आम्ही सगळे जागच्या जागी उभे होतो, कोणी एक शब्द बोललं नाही. रुळांवर काही नव्हतं, पण पलीकडेही काही नव्हतं.

ताई एवढंच म्हणाल्या, "तिने मला ओळखलं नाही."

ओळखलं असणार, पण ओळखून उपयोग होईल अशा अवस्थेत ती नव्हती. खूप घाबरलेलं कुत्रं पूर्णपणे जीव वाचवायच्या मागे लागलेलं असतं, आम्ही त्याला सर्व्हायव्हल मोड म्हणतो. अंगात अ‍ॅड्रेनलिन भिनलेलं असतं, दोन पायांवर उभं असलेलं प्रत्येक माणूस धोका वाटतं, आणि यात स्वतःचा मालकही सुटत नाही. इथे तर गोष्ट अजून बिघडली होती. दोन पोरं बाईकवरून रात्री उशिरापर्यंत "चिंगी चिंगी" ओरडत तिच्या मागे होती, नंतर दोन दिवस परिसरातल्या लोकांनीही तेच केलं, म्हणजे तिच्या डोक्यात तिच्या नावाचा अर्थच पळ असा झाला असणार. त्यात आम्ही गोल केला. वेढलं गेलेलं कुत्रं फट शोधतं, जवळ येत नाही. हे सगळं मला पाठ होतं, नवीन लोकांना मी हेच शिकवते, आणि समोर कुत्रं बघितल्यावर मीच घाई केली.

करायला काय हवं होतं ते लिहून ठेवते. एकच माणूस, तोही मालक, वाऱ्याच्या वरच्या बाजूला म्हणजे त्याचा वास कुत्र्याकडे जाईल असा, लांबवर जमिनीवर बसलेला, कुशीने वळलेला, डोळ्यात न बघणारा, हाक नाही, नुसता खाण्याच्या पाकिटाचा आवाज, आणि लागला तर दोन तास वेळ. बाकी सगळे अर्धा किलोमीटर मागे.

तीन दिवस काहीच नाही, आणि मग तो फोन

सहावा, सातवा, आठवा दिवस एकही खात्रीचा फोन नाही. अशा वेळी मालक खचतात. ताईंना रोज एक काम द्यायचं आम्ही ठरवलं, रेल्वेलाईनच्या पलीकडे पोस्टर, आसपासच्या डॉक्टरांकडे आणि शेल्टरमध्ये स्वतः जाऊन बघणं. फोनवर वर्णन सांगून भागत नाही, समोरचा माणूस "तपकिरी" ऐकून काहीही समजू शकतो. माझ्यासाठी या दिवसांत एक आकडा आधार असतो, तो मी त्यांनाही सांगितला. २०१२ साली अमेरिकेत १,०१५ घरांना फोनवरून विचारलेल्या एका सर्व्हेचे निकाल आले, त्यात हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के परत मिळाले होते, आणि जवळपास निम्मे, ४९ टक्के, लोकांनी स्वतः परिसर पालथा घालून शोधले होते. टॅग किंवा चिपमुळे १५ टक्के, शेल्टरमध्ये सापडले फक्त ६ टक्के. ताईंनी ९३ हा आकडा कागदावर लिहून गाडीच्या आरशाखाली लावला होता, मी तो चिंगी पकडल्याच्या दिवशी बघितला.

आठव्या दिवशी दुपारी फोन आला की मोठ्या रस्त्याच्या कडेला तपकिरी कुत्रं मरून पडलंय, छातीवर पांढरं आहे. मी ताईंना सांगितलं नाही, स्कॅनर घेऊन एकटी गेले. गाडीने उडवलेलं होतं, तोंडावरून ओळख पटण्यासारखी राहिली नव्हती, छातीवर खरंच पांढरं होतं. आधी मागचा डावा पाय बघायचा तर तोच चिरडलेला. मग स्कॅन. स्कॅनर भराभर फिरवून चालत नाही, अंगाला जवळजवळ टेकवून अगदी सावकाश, खांद्यांच्या मधून सुरू करून नागमोडी पाठीवरून, मग मानेच्या दोन्ही बाजू, पुढचे पाय कोपरापर्यंत, कारण चिप कधीकधी सरकून खाली येते. जुन्या चिप वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतात म्हणून सगळ्या वाचणारा स्कॅनर लागतो. मी तीनदा फिरवला. बाजूने गाड्या जात होत्या आणि प्रत्येक वेळी स्क्रीनवर तेच, चिप नाही. मग शेपूट नीट बघितली, चिंगीची झुपकेदार, याची आखूड. आणि हा नर होता. इतकी साधी गोष्ट मला आधी सुचली नव्हती, इतके हात थरथरत होते.

जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी लाजही वाटली, कारण हाही कोणाचा तरी होता, गळ्याभोवती पट्ट्याचं वळ दिसत होतं. जखमेचे नाही असे फोटो काढले, जागा, वेळ, उंची, खुणा लिहिल्या, त्याच्या नावाने वेगळी फाइल केली. त्याला कापडात गुंडाळून तिथून नेण्याची व्यवस्था केली. मग ताईंना फोन करून सांगितलं, क्रम मुद्दाम असा, "चिंगी नाहीये" आधी आणि बाकीचं नंतर.

वॉचमन काका

नवव्या दिवशी सकाळी एका बंद पडलेल्या गोदामाच्या वॉचमन काकांचा फोन आला. ओढ्याच्या त्या वळणापासून चार किलोमीटर. ते म्हणाले, "मॅडम, मला नक्की माहीत नाही, उगीच तुम्हाला त्रास नको म्हणून तीन दिवस थांबलो. पण पहाटे एक कुत्री येते, मला बघितलं की जाते." मी त्यांना एकच विचारलं, तुम्ही काय केलंत ती दिसल्यावर. ते म्हणाले, "काही नाही, मी आपला बसून राहिलो." सतरा दिवसांत इतकं बरोबर दुसरं कोणीच वागलं नव्हतं.

दहाव्या दिवशी आम्ही दोघीच गेलो. गोदामाच्या मागे पडकी भिंत, तिच्या कडेने गवत, आत पाण्याची फुटकी टाकी. लपायला जागा, पाणी, वर्दळ नाही. ट्रेल कॅमेरा बांधला, हा हालचाल झाली की आपोआप फोटो काढतो, रात्री इन्फ्रारेडवर, म्हणजे फ्लॅश पडत नाही. समोर ओलं, उग्र वासाचं खाणं थोडंसंच ठेवलं. पोट भरेल इतकं ठेवलं तर ती दोन दिवस फिरकणार नाही. पहिल्या रात्री मांजर. दुसऱ्या रात्री पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी चिंगी. बरगड्या दिसत होत्या, मागच्या एका पायावर जोर देत नव्हती, पण तीच. मागचा डावा पाय कॅमेऱ्याकडे होता आणि मोठं करून बघितलं तर ते जादा नख दिसत होतं. ताईंना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी उत्तरात काहीच लिहिलं नाही, दहा मिनिटांनी फोन केला आणि नुसत्या रडल्या.

आता जागा गुप्त ठेवायची. ग्रुपवर आम्ही लिहिलं, चिंगी दिसलीये, जागा सांगणार नाही, कृपया शोध थांबवा. यावर बरीच नाराजी आली, आम्ही आठवडाभर उन्हातान्हात फिरलो आणि आता आम्हालाच सांगत नाही का. त्यांचं दुःख खरं होतं. पाचव्या दिवशी मी त्या चौदा जणांना काही काम दिलं नव्हतं, म्हणून ते कुत्रीच्या मागे आले, हे मला तेव्हा कळलं. या वेळी प्रत्येकाला काम दिलं, कोणी फोन घ्यायचे, कोणी त्या बाजूच्या पोस्टरवरचा नंबर नीट दिसतो का ते बघायचं, एकाने वळणावर गाडी लावून तिकडे जाणाऱ्याला विनंती करून परत फिरवायचं, आणि दोघांनी दुसऱ्या एका हरवलेल्या कुत्र्याची केस पूर्ण हातात घ्यायची. एकाने थर्मल ड्रोन, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून प्राणी दाखवणारा, द्यायची तयारी दाखवली. त्याचे आभार मानले आणि नको म्हटलं, ड्रोनचा उपयोग कुत्रं कुठे आहे हे माहीत नसताना, इथे ते माहीत होतं आणि त्या घरघरीने ती जागा सोडून गेली असती.

तरी तेराव्या दिवशी कोणीतरी जागा फोडली आणि संध्याकाळी चार पोरं टॉर्च घेऊन आली. काकांनी त्यांना गेटवरच थांबवलं. त्या रात्री रोजच्या वेळेला चिंगी आली नाही. चौदाव्या दिवशी पहाटे परत आली, पण अर्धा तास उशिरा आणि भिंतीपाशीच घुटमळून गेली.

ट्रॅप

ट्रॅप बाराव्या दिवशीच नेऊन ठेवला होता, लांबलचक पिंजरा, आत टोकाला एक पट्टी असते, तिच्यावर पाय पडला की मागे दार पडतं. कुत्रं पूर्ण आत गेल्यावर शेपटीमागेही जागा उरली पाहिजे, नाहीतर दार पाठीवर पडतं, कुत्रं उलटं बाहेर येतं आणि पुन्हा जन्मात कुठल्या पिंजऱ्यात जात नाही. पायाखाली जाळी लागलेली कुत्र्यांना आवडत नाही म्हणून तळाला पुठ्ठा, त्यावर तिथलीच माती आणि गवत. दार वर बांधून टाकलेलं. पहिल्या रात्री खाणं दाराबाहेर, दुसऱ्या रात्री उंबऱ्यावर, मग एक हात आत, असं रोज थोडं थोडं.

पंधराव्या पहाटे ती अर्धी आत गेली, मागचे दोन्ही पाय बाहेर, मान लांब करून खाल्लं आणि पळाली. आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं की दोरी बांधून हाताने दार पाडू. मी नको म्हटलं, या वेळी मला घाई परवडणार नव्हती. पण तिला अजून दोन फूट आत आणायचं तर खाण्यापेक्षा मोठं काहीतरी हवं होतं. ताईंचे न धुतलेले कपडे आधीच ठेवले होते, तिने ते हुंगले आणि सोडून दिले. चार महिन्यांचीच तर ओळख. मी ताईंना विचारलं, आईचं काही आहे का, न धुतलेलं.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, चादर आहे. आई शेवटी जी पांघरायच्या ती, त्यांनी पिशवीत गाठ मारून कपाटात ठेवली होती, अधूनमधून उघडून वास घ्यायच्या. ती बाहेर मातीत टाकली की तो वास गेला, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी आग्रह केला नाही. संध्याकाळी त्या आल्या तेव्हा हातात अर्धी चादर होती, कापलेली कड सरळ नव्हती.

सोळाव्या पहाटे कॅमेऱ्यात दिसलं, चिंगी पिंजऱ्याच्या बाहेरून मागच्या बाजूला गेली, जिथे आत चादर होती तिथे जाळीला नाक लावून अकरा मिनिटं उभी राहिली. खाण्याला तोंडही लावलं नाही.

त्या रात्री दार सोडलं. लावलेला ट्रॅप आम्ही कधीही एकटा सोडत नाही, अडकलेलं कुत्रं धडपडून दात मोडून घेतं, ऊन लागतं, कोणी येऊन उघडून देतं. मी आणि एक जण साठ मीटरवर गाडीत, काचा बंद, फोन झाकलेले, काका त्यांच्या खुर्चीत रोजच्यासारखे, कारण ते नसते तर तेच तिला खटकलं असतं. ४ वाजून २६ मिनिटांनी लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज आला. एवढा मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नसेल.

पिंजऱ्यावर आधी जाड कापड टाकलं, अंधार झाला की कुत्रं शांत होतं, आणि दार उघडायचं नाही, काहीही झालं तरी नाही. कित्येक केसेस इथे हातच्या गेल्यात, मालक भावनेच्या भरात मिठी मारायला दार उघडतो आणि कुत्रं खांद्यावरून निघून जातं. पिंजऱ्यासकट गाडीत, तिथून डॉक्टरांच्या एका बंद खोलीत, खिडक्याही बंद, मग ताईंना आत बोलावलं. मी सांगून ठेवलं होतं, बोलू नका, बघू नका, नुसत्या बाजूला बसा. त्या भिंतीला टेकून कुशीने बसल्या. चिंगी कोपऱ्यात गुरगुरत होती, अंग थरथरत होतं. दोन मिनिटं तसंच. मग गुरगुर थांबली आणि नाक हलायला लागलं, आधी हवेत, मग जाळीशी, ताईंच्या बाहीपाशी, बाहीवरून परत चादरीकडे, चादरीवरून परत बाहीकडे, असं तीनचारदा. आणि मग तिच्या घशातून एक बारीक लांब आवाज निघाला आणि सगळं अंग शेपटीसकट हलायला लागलं. आवाजाने जे झालं नव्हतं ते वासाने झालं.

पकडल्यानंतर

वजन १३.२ किलो भरलं. गोचीड भरपूर, तळपायाला चीर, ताप नाही. इतके दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्याला पोटभर खायला घालायचा मोह होतो आणि तेच धोक्याचं, एकदम खाणं गेलं की रक्तातले क्षार बिघडतात आणि जीवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याने दिवसातून सहा वेळा मूठमूठभर. चिप स्कॅन केली, पंधरा आकडे आले, रेकॉर्ड उघडलं आणि ताईंच्या खिशातला फोन वाजला. मुद्दाम करून बघितलं होतं. पुढचे काही आठवडे घरातही तिच्या हार्नेसला दोरी लावलेली राहू द्यायची, अंगणातसुद्धा एकटं सोडायचं नाही, कारण एकदा सुटलेलं कुत्रं दुसऱ्यांदा लवकर सुटतं.

आमच्या कामात या केसनंतर दोन बदल झाले. कुत्रं दिसल्याचं लोकेशन आता ग्रुपवर येतच नाही, फोन घेणाऱ्याकडून थेट केस बघणाऱ्या एकाच माणसाला जातं. आणि जागेवर मालकासोबत एकाहून जास्त व्हॉलंटियर जात नाही, मग तो कितीही अनुभवी असो, त्यात मीही आले.

कुत्रं सापडल्यावर पोस्टर काढणं हेही आमचंच काम, जुनी पोस्टर तशीच राहिली की लोकांच्या नजरेला सवय होते आणि पुढच्या कुत्र्याचं पोस्टर कोणी वाचत नाही. ६४ मधली ६१ निघाली, दोन पावसाने गेली असतील, आणि एक काकांनी मागून घेतलं, त्यांच्या केबिनमध्ये आतल्या बाजूला लावलंय.

रस्त्यावरच्या त्या तपकिरी कुत्र्याची फाइल मी अजून बंद केलेली नाही. नर, आखूड शेपूट, छातीवर पांढरं, गळ्याभोवती पट्ट्याचं वळ, चिप नाही. हरवल्याची नवीन तक्रार आली की मी आधी ती फाइल काढून खुणा ताडून बघते. अजून कोणाशी जुळलेल्या नाहीत.